वाचकांचे प्रश्न : बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचा माग

प्रश्न : आमचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील खेड तालुक्यात आहे. माझे पणजोबा पहिल्या महायुद्धात पलटणीत होते आणि घरात आजही त्यांना ‘बसऱ्याला गेलेले आजोबा’ असेच म्हणतात. त्यांचे दोन बिल्ले आमच्याकडे आहेत. एक तांबूस रंगाचा, चांदणीच्या आकाराचा असून त्यावर तलवारी आहेत, आणि दुसरा गोल, पिवळसर असून त्यावर पंख असलेली बाई आहे. तिसरा चांदीचा होता, तो आजीने अडचणीच्या काळात सोनाराला दिला, असे वडील सांगत. चांदणीच्या पाठीवर काही अक्षरे आहेत, त्यांपैकी ११७ हा आकडा तेवढा लागतो. पणजोबांची तीन वर्षे काहीच खबर नव्हती, म्हणून घरच्यांनी त्यांचे दिवसकार्यही उरकले होते आणि त्यानंतर ते दारात येऊन उभे राहिले, ही गोष्ट आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. इंटरनेटवर युद्धातील सैनिकांच्या यादीत त्यांचे नाव सापडत नाही. इंग्लंडमधून त्यांची फाइल मागवता येईल का?

उत्तर : आपण ज्या फाइलची आशा धरून आहात ती इंग्लंडमध्ये मिळण्याची शक्यता जवळजवळ नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो, म्हणजे आपला वेळ आणि पैसा वाचेल. ब्रिटिश सैनिकांच्या वैयक्तिक फायली लंडनमध्ये होत्या आणि त्यांतील बहुसंख्य १९४० च्या बाँबफेकीत जळाल्या. हिंदी शिपायांचे कागद मात्र मुळात तेथे गेलेच नव्हते, ते त्या त्या पलटणीच्या डेपोत, म्हणजे येथेच ठेवले जात. ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तरात गोऱ्या अधिकाऱ्यांची कारकीर्द पानोपानी सापडते, शिपायाचे नाव तेथे क्वचितच येते. म्हणून शोधाची सुरुवात लंडनहून करू नये. ती आपल्या हातातील त्या चांदणीपासून करावी, कारण आपण समजता त्यापेक्षा ती कितीतरी अधिक बोलते.

ही चांदणी म्हणजे ‘१९१४-१५ स्टार’. ३१ डिसेंबर १९१५ पर्यंत जो प्रत्यक्ष रणभूमीवर पोहोचला त्यालाच ती मिळाली. त्यानंतर गेलेल्यांना चांदीचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ आणि पंखवाल्या विजयदेवतेचे ‘व्हिक्टरी मेडल’ एवढी दोनच पदके मिळाली. अर्थात आपले पणजोबा उशिराच्या भरतीतले नव्हते, पहिल्या दीड वर्षातच ते समुद्रापार गेले होते, एवढे त्या धातूच्या तुकड्यावरून ठरते.

आता पाठीवरची अक्षरे. चांदणीची पाठ सपाट असते आणि तिच्यावर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. गोल पदकांवर हाच मजकूर कडेवर, म्हणजे नाण्याच्या काठावर असतो, म्हणून पिवळ्या पदकाची कडही पाहावी. पदके चिंचेने किंवा पावडरीने मुळीच घासू नका. दरवर्षी दसऱ्याला भक्तिभावाने घासून घासून नावे पुसून गेलेली पदके मी पाहिली आहेत आणि ती हातात घेताना वाईट वाटते. मऊ कापडाने धूळ तेवढी पुसा, अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा उजेड बाजूने, अगदी तिरपा पाडा आणि मोबाइलने चार-पाच कोनांतून फोटो घ्या. समोरून न दिसणारी अक्षरे तिरप्या उजेडात सावलीने उठून दिसतात. त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल अलगद फिरवली तरी बरेच उमटते. नंबर पूर्ण वाचता आला तर तो जपून लिहून ठेवा, पण त्या काळी प्रत्येक पलटणीचे नंबर स्वतंत्र असत, त्यामुळे पलटणीच्या नावाशिवाय नुसता नंबर निरुपयोगी ठरतो, हे ध्यानात असू द्या.

आपल्याला लागलेला ११७ हा आकडा पलटणीचा असेल, तर ती ‘११७ मराठा’ पलटण होय. तिचा प्रवास चांगला नोंदलेला आहे. पुणे डिव्हिजनची पहिली ब्रिगेड ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून निघाली, तीत ही पलटण होती. ६ नोव्हेंबरला शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी फाव येथे फौज उतरली आणि त्याच महिन्यात आजच्या इराकमधील, तेव्हा तुर्कांच्या ताब्यात असलेले बसरा पडले. कोकणात आणि घाटावर या साऱ्या मोहिमेलाच लोक ‘बसरा’ म्हणत राहिले, याचे कारण जहाजातून उतरलेल्या शिपायाने पाहिलेले पहिले मोठे शहर तेच होते. पुढे एप्रिल १९१५ मध्ये शैबाची लढाई झाली, सप्टेंबरअखेर टायग्रिस नदीकाठचे कुट घेतले गेले, आणि २२ नोव्हेंबरला बगदादच्या वाटेवर टेसिफॉन येथे इतकी माणसे पडली की फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड याला माघार घ्यावी लागली. ३ डिसेंबरला फौज कुटला परतली. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी वेढा पूर्ण केला आणि २९ एप्रिल १९१६ ला, १४४ दिवसांनी, शिधा संपल्यामुळे सुमारे १३,००० माणसे शरण गेली. या वेढ्यात ११७ शिवाय १०३ आणि ११० या मराठा पलटणीही होत्या. शेवटच्या काळात घोडे आणि खेचरे कापून खाण्याची वेळ आली. हिंदी शिपायांनी ते मांस घ्यायला बरेच दिवस नकार दिला, आणि तोवर स्कर्व्ही या रोगाने हिरड्या सुजून माणसे आडवी होत होती.

आपल्या घरातील दिवसकार्याची गोष्ट या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे. शरण गेलेल्या शिपायांना अधिकाऱ्यांपासून वेगळे करून बगदाद, मोसूल, निसिबिन असे चालवत नेले गेले आणि हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास-अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामाला लावले. तुर्कस्तानाशी युद्धविराम झाला तो ३० ऑक्टोबर १९१८ रोजी. वेढा सुरू झाल्यापासून युद्धविरामापर्यंत जवळजवळ तीन वर्षे होतात आणि सुटलेले कैदी घरी पोहोचेपर्यंत १९१९ उजाडले. आपल्या घरी सांगितले जाणारे ‘तीन वर्षे’ आणि हा हिशेब जुळतो. तरीही हा पुरावा नव्हे, अंदाज आहे. टेसिफॉनला जखमी झालेले शेकडो शिपाई वेढा पडण्यापूर्वीच नदीतील बोटींनी बसऱ्याला आणि तेथून मुंबईला परत आले होते, म्हणून ११७ पलटणीतला प्रत्येक माणूस कुटला कोंडला गेला असे म्हणता येत नाही. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉस समितीने पहिल्या महायुद्धातील कैद्यांची लाखो कार्डे २०१४ पासून इंटरनेटवर खुली केली आहेत. त्यांतील ब्रिटिश साम्राज्याच्या विभागात नाव पाहावे, मात्र तुर्कांच्या ताब्यातील हिंदी शिपायांची नावे तेथे सापडली नाहीत तरी निराश होऊ नये.

आपण ज्या यादीत नाव शोधले ती बहुधा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनची असावी. त्या यादीत फक्त मृतांची नावे असतात. पणजोबा जिवंत परतले, म्हणून त्यांचे नाव तेथे नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. पुष्कळ वाचक या एका गोष्टीने गोंधळतात आणि आपल्या माणसाची नोंदच झाली नाही असे समजून शोध सोडून देतात.

आता कागद. १९२२ च्या फेररचनेत मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या आणि ११७ चे नाव पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पाचवी पलटण असे झाले. रेजिमेंटचे केंद्र तेव्हापासून बेळगावला आहे. तेथील रेकॉर्ड ऑफिसला साध्या टपालाने, शक्यतो इंग्रजीत, अर्ज लिहावा. लष्करात शिपायाच्या सविस्तर सेवापत्रकाला ‘शीट रोल’ म्हणतात, तो ठरावीक वर्षांनी नष्ट केला जातो. ‘लाँग रोल’ नावाची भरतीची वही मात्र कायम जपायची असते. इतक्या जुन्या काळातील वही शिल्लक असेल तर तीत नंबर, नाव, गाव, भरतीची तारीख आणि नाव कमी झाल्याची तारीख मिळू शकते. म्हणून अर्जात ‘पूर्ण फाइल द्या’ असे न लिहिता लाँग रोलमधील नोंदीची प्रत मागावी, पदकांचे फोटो जोडावेत आणि आपले नाते कसे लागते ते दाखवणारी वंशावळ द्यावी. गावाचे नाव लिहिताना तेव्हाचा तालुका आणि जिल्हा लिहावा. आज सिंधुदुर्गात असलेली गावे १९८१ पर्यंत रत्नागिरीत होती, रायगडला तेव्हा कुलाबा म्हणत, सांगली जिल्हा त्या काळी नव्हताच, आणि सावंतवाडी, कोल्हापूर किंवा फलटणच्या माणसापुढे संस्थानाचे नाव येते.

नावाच्या बाबतीत मन मोकळे ठेवावे लागते. भरतीच्या वेळी शिपायाने तोंडाने सांगितलेले नाव कारकुनाने जसे ऐकले तसे रोमन अक्षरांत उतरवले. शिंदेचे ‘सिंदे’, पवारचे ‘पोवार’, कदमचे ‘कडम’ किंवा ‘कुडुम’ होते, आणि वडिलांचे नाव बहुधा नसतेच. घरात ज्यांना आपण रामचंद्रराव म्हणतो ते पलटणीच्या वहीत ‘रामा’ असतात. शोधताना आडनावाची पहिली दोन-तीन अक्षरेच द्यावीत आणि बाकीचे डोळ्यांनी पाहावे.

घरातील जुनी पेटी आणि माळा पुन्हा एकदा उपसावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नाव कापून घरी येताना शिपायाला सुटकेचा दाखला मिळत असे. त्यात वय, उंची, अंगावरच्या खुणा, नोकरीची मुदत, वर्तणूक आणि सुटकेचे कारण असते. घड्या पडलेला, पिवळा पडलेला तो कागद पुष्कळ घरांत जमिनीच्या खतांमध्ये मिसळलेला असतो. मोडीत लिहिलेले काही सापडले तर रद्दी समजू नका. शिपायांची घरच्या माणसांशी होणारी पत्रे त्या काळी मोडीतही लिहिली जात, आणि मोडी वाचणारी माणसे आजही तालुक्याच्या गावी मिळतात. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना चौदाची जन्म-मृत्यू नोंदवही, पाहता येते. आपण म्हणता तसे पणजोबा तीन वर्षे बेपत्ता असतील, तर त्यांच्या मुलांच्या जन्मांमध्ये तेवढी पोकळी दिसायला हवी. आजोबांच्या आधीच्या आणि नंतरच्या भावंडांच्या जन्मतारखा लिहून काढा. लष्करी दप्तर गप्प असते तेव्हा अशी साधी नोंद बरेच सांगून जाते.

आणि गावात एक दगड आहे का, ते पाहा. युद्धानंतर सरकारने अनेक गावांत शिळा बसवल्या. ‘या गावातून इतके लोक १९१४-१९१९ च्या महायुद्धात गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले’ अशा अर्थाचा मजकूर त्यांवर असतो. साताऱ्याजवळच्या आपशिंगे गावातील स्मारक सर्वांना ठाऊक आहे, पण असे दगड चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत कितीतरी ठिकाणी आहेत आणि अनेकांवर ऑइलपेंटचे थर चढले आहेत. त्यांवर नावे नसतात, आकडा तेवढा असतो. त्या आकड्यातील एक आपले पणजोबा आहेत.

पलटणीने रोज काय केले हे वाचायचे असेल तर लंडनच्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्‌जमध्ये युद्धाच्या दैनंदिन्या आहेत आणि मेसोपोटेमियाच्या, म्हणजे आजच्या इराकच्या, मोहिमेतील दैनंदिन्या संगणकावर पाहता येतात. त्यांत अधिकाऱ्यांची नावे येतात, शिपाई मात्र ‘इतके ठार, इतके जखमी’ एवढ्यावर आटोपलेले असतात. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळही पाहावे. पैसे घेऊन ‘संपूर्ण लष्करी इतिहास’ काढून देतो म्हणणाऱ्यांना मात्र, निदान वर सांगितलेले सर्व करून होईपर्यंत, काही देऊ नये.

प्रश्न : माझ्या आईच्या माहेरी, वाई तालुक्यात, देवघराच्या फळीवर पितळेसारखी एक मोठी, ताटलीएवढी गोल तबकडी आहे. तिच्यावर हातात काही धरलेली बाई आणि सिंह असून कडेने इंग्रजी अक्षरे आहेत. आईचे चुलत आजोबा लढाईवर गेले ते परतले नाहीत, एवढेच सर्वांना माहीत आहे. ही तबकडी सरकारने दिली का आणि ते कोठे वारले हे कळेल का?

उत्तर : ही तबकडी कांस्याची असून साम्राज्याच्या वतीने युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या जवळच्या नातलगाला देण्यात आली. बाई म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचे प्रतीक मानलेली स्त्री. चौकटीत मृताचे नाव उठावाने ओतलेले असते. त्यात हुद्दा आणि पलटण मुद्दाम घातलेली नाही, मेलेल्यांमध्ये लहान-मोठा भेद नको म्हणून. त्यामुळे तबकडी नाव देते, पलटण देत नाही. पण ती असणे हाच मृत्यूचा पुरावा आहे आणि आपला शोध म्हणूनच वरील वाचकांच्या शोधापेक्षा सोपा आहे.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्‌ज कमिशनच्या संकेतस्थळावर तबकडीवरील नाव त्याच स्पेलिंगने टाका, पहिले महायुद्ध आणि हिंदी फौज एवढ्या दोनच अटी ठेवा. नावाची अनेक माणसे निघतील. त्यांतील पुष्कळ नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो, म्हणून ‘वाई, सातारा’ असे जेथे दिसेल तेथे थांबा. एकही नोंद पटत नसेल तर नाव सोडून द्या आणि मराठा पलटणींच्या नोंदी पलटणीनुसार, गावाचे नाव शोधत वाचा. हे काम कंटाळवाणे आहे, पण मी असे दोन रात्रींत सापडलेले पाहिले आहे.

मेसोपोटेमियात वारलेल्या आणि कबर किंवा दहनाची जागा ठाऊक नसलेल्या शिपायांसाठी बसऱ्याचे स्मारक आहे. ते ४०,००० हून अधिक माणसांचे आहे. त्या स्मारकाविषयी एक गोष्ट आपल्याला आधीच सांगतो, नंतर कळली तर अधिक दुखेल. गोऱ्या सैनिकांची नावे तेथे दगडावर कोरली, हिंदी शिपायांची मात्र पलटणीनुसार संख्या तेवढी लिहिली, नावे वहीत राहिली. असा भेदभाव झाला हे कमिशनने २०२१ च्या अहवालात मान्य करून क्षमा मागितली आहे. १९९७ मध्ये इराकी सरकारने ते स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात उभारले. तेव्हा दगडावर नाव शोधायला कोणी गेले तरी ते दिसणार नाही, पण वहीत ते आहे, आणि त्या नोंदीची छापील प्रत संकेतस्थळावरून काढून घेता येते. ती तबकडीशेजारी ठेवता येईल.

माणूस फ्रान्समध्ये पडला असेल तर नव-शापेलचे स्मारक पाहावे, तेथे हिंदी सैनिकांची नावे कोरलेली आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवरही १३,००० हून अधिक नावे आहेत.

प्रश्न : आमचे पणजोबा महार होते. ‘१११ नंबरच्या पलटणीत होते’ असे आजोबा सांगत, पण आमच्या एका नातलगांचे म्हणणे असे की त्या काळी महारांना बंदूक दिलीच जात नव्हती, ते हमालीच्या पथकात असतील. खरे काय?

उत्तर : आपल्या आजोबांचे म्हणणे शक्य कोटीतले आहे आणि त्याला आधार आहे. १८९० नंतर इंग्रज सरकारने महारांची भरती थांबवली, हे नातलगांचे ऐकणे खरे. त्याविरुद्ध दापोलीचे निवृत्त लष्करी गोपाळबाबा वलंगकर यांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले होते. पण महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा दार पुन्हा उघडले आणि १९१७ मध्ये ‘१११ महार’ ही लढाऊ पलटण उभी राहिली. १९२१ मध्ये ती मोडली गेली. १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिलेली महार रेजिमेंट आज आपल्याला ठाऊक आहे, १११ ही तिच्या आधीची.

घरात पदक असेल तर त्याचा धातू पाहा. लढाऊ शिपायाला ‘ब्रिटिश वॉर मेडल’ चांदीचे मिळाले आणि मजूर पथकांतील माणसांना तेच पदक कांस्याचे मिळाले. पुढच्या बाजूस राजा आणि मागे घोडेस्वार, हे दोन्हींत सारखेच असते. पदक चांदीचे असून कडेवर १११ आणि ‘महार’ ही अक्षरे असतील तर वाद मिटला. ते कांस्याचे निघाले तरी पणजोबांनी पाहिलेले युद्ध काही कमी होत नाही. बसऱ्याच्या चिखलात दारूगोळा आणि पाणी ज्यांनी पाठीवर वाहिले, त्यांच्याही नोंदी त्याच कमिशनच्या वहीत, पथकाच्या नावाखाली आहेत. पदक हरवले असेल तर गावातील इतर महार कुटुंबांकडे विचारा. भरती बहुधा एका गावातून, एका भावकीतून एकत्र होत असे, आणि एका घरातील बिल्ला दुसऱ्या घरच्या माणसाची पलटण सांगू शकतो.